क्राऊन आणि पिनियन यांची जुळणी



मोटारीच्या दुरुस्तीचा हिशेब हातीं आला म्हणजे गृहस्थ प्रथम सामानाची किंमत पाहतो व नंतर मजुरीकडे वळतो. सामानाबद्दल त्याची फारशी तक्रार नसते. नवी वस्तु आली हें त्याला डोळ्यांनीं दिसतें. मजुरीचा आकडा मात्र त्याला खुपतो. त्यांतून मागच्या आंसांतील दांत्यांची जोडी बदलली असेल, तर त्याच्या कपाळाला हमखास आठी पडते. जुनी जोडी काढली आणि नवी बसविली, त्याला दोन दोन दिवस कशाला हवेत?

या प्रश्नाचें उत्तर आज द्यावें असा माझा विचार आहे, आणि तें मी आधींच सांगून टाकतों. काढण्याबसविण्याला थोडाच वेळ लागतो. उरलेला सारा वेळ कागदाएवढ्या पातळ पोलादी चकत्या आंत घालण्यांत, बाहेर काढण्यांत, मोजण्यांत आणि पुन्हा घालण्यांत जातो. पाहणाराला तो निव्वळ चाळा वाटतो. वास्तविक मजुरी द्यावयाची ती त्याच कामाची. आणि जो मिस्त्री हें काम टाळून संध्याकाळच्या आंत गाडी परत देतो, त्याला दिलेले पैसे पाण्यांत गेले असें समजावें.

हा विषय प्रत्येकाच्या गाडीला लागू नाहीं, हेंहि आरंभींच सांगितलें पाहिजे. १९८३ च्या अखेरीस मारुति ८०० रस्त्यावर आली. तशा धर्तीच्या लहान गाड्यांत पुढचीं चाकें गाडी ओढतात व इंजिन आडवें बसविलेलें असतें. आडव्या इंजिनाला आडवाच आंस फिरवावयाचा असल्यामुळें शक्तीला काटकोनांत वळण्याचें कारण पडत नाहीं. परंतु जीप, बोलेरोसारख्या गाड्या, मालाचे ट्रक आणि एस. टी. ची साधी बस यांचें इंजिन गाडीच्या लांबीला धरून असतें, आणि फिरवावयाचीं असतात मागचीं चाकें. लांबीचा दांडा आणि रुंदीचा आंस यांची गांठ घालून देणें हें या जोडीचें काम. गाडीखालीं वांकून पाहिलें तर मागच्या आंसाच्या मधोमध भोपळ्यासारखा एक फुगीर भाग दिसतो. जोडीचें घर तें.

काटकोनांत वळविलेली शक्ति आपल्याला अपरिचित नाहीं. कोंकणांतील आगरांत पूर्वीं रेडा किंवा बैल रहाटाभोंवतीं गोल फिरे, त्याच्याबरोबर लांकडी खुंट्यांचें आडवें चाक फिरे, त्या खुंट्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकत आणि विहिरींतून पाण्याची माळ वर येई. रहाटाच्या खुंट्या ढिल्या असत, तो कुरकुरे, कधीं अडखळे. पण बैलाच्या पावलानें फिरणाऱ्या यंत्राला तेवढें शोभून जाई. मोटारीचें पिनियन बैलाच्या पावलानें फिरत नाहीं. जुनी जीप ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालली असतां तें मिनिटाला सुमारें २,३०० ते २,४०० फेरे घेतें. रहाटांत जी ढिलाई कानाला गोड वाटे, ती येथें चार दिवसांत पोलादाचा चुरा करते.

जीपचें उदाहरण मी मुद्दामच घेतलें आहे. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील टोलीडो येथें विलिस-ओव्हरलँड कंपनीनें दुसऱ्या महायुद्धांत ती मोठ्या संख्येनें बनविली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत महिंद्रांकडे तिची जुळणी होऊं लागली, आणि पुढें कित्येक वर्षें मामलेदारापासून डॉक्टरापर्यंत अनेकांना तिनें आडगांवीं पोंचविलें. तिचा मागचा आंस साधा, भक्कम, आणि शिकविण्यास सोयीचा आहे. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्यें पिनियनला ८ दांते आणि क्राऊनला, म्हणजे मोठ्या चाकाला, ४३ दांते असतात. दांडा ४३ वेळां फिरतो तेव्हां चाक ८ वेळां फिरतें. वेग कमी होतो आणि जोर त्याच मानानें वाढतो.

येथें एक सहज विचारण्यासारखा प्रश्न आहे. ४० दांते ठेवले असते तर पांचास एक असा सुटसुटीत हिशेब जमला असता; मग ४३ हा अवघड आकडा कां निवडला? कारण असें कीं, ८ आणि ४० यांच्या जोडींत पिनियनचा एक ठराविक दांता क्राऊनच्या त्याच पांच दांत्यांना जन्मभर भेटत राहील. त्याच्यांत कांहीं खोड असली तर ती त्या पांचांनाच खाईल. ८ आणि ४३ यांना समान विभाजक नाहीं. त्यामुळें पिनियनचा प्रत्येक दांता क्राऊनच्या प्रत्येक दांत्याला पाळीपाळीनें भेटतो, आणि तीच गांठ पुन्हा पडावयास पिनियनचे ४३ फेरे पुरे व्हावे लागतात. झीज सर्वांत सारखी वांटली जाते. पंक्तींत एकाच्याच पानावर सारें तूप पडूं नये, तशांतली ही व्यवस्था आहे.

क्राऊनच्या पोटांत लहान दांतेरी चाकांचा आणखी एक संच असतो, तो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक व आंतल्या चाकाला कमी अंतर चालावें लागतें, त्याची सोय तो करतो. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं ही युक्ति काढली. आजच्या विषयाशीं तिचा संबंध एवढाच कीं, तिची पेटी व क्राऊन हीं एकत्र जखडलेलीं असतात आणि पेटी सरकली कीं क्राऊन सरकतें.

दांत्यांच्या घडणीचा इतिहास मात्र थोडा ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेंतील रॉचेस्टर शहरच्या विल्यम ग्लीसन यांनीं १८७४ सालीं तिरप्या चाकांचे दांते रंधणारें यंत्र केलें. त्यांची कन्या केट ग्लीसन ही कारखान्याचा व्यवहार पाहत असे, आणि १९१४ सालीं अमेरिकेंतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची पहिली स्त्री-सभासद होण्याचा मान तिला मिळाला. प्रथम हे दांते सरळ कापलेले असत; एक दांता सुटून दुसरा लागे तेव्हां आवाज होई. मग दांत्याला कमानीसारखा बांक देण्यांत आला. त्यामुळें दुसरा दांता पुरता लागेपर्यंत पहिला सुटत नाहीं, आणि चाल गुळगुळीत झाली. पुढचें पाऊल १९२६ सालीं पॅकार्ड मोटारींत पडलें. त्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर न ठेवतां तिच्याखालीं ठेवलें. इंजिनाकडून येणारा दांडा खालीं गेला, गाडीची जमीन खालीं आली, आणि पिनियन थोडें जाड करतां आल्यामुळें त्याला बळहि आलें. या रचनेला हायपॉइड म्हणतात. जीपची जोडी याच जातीची आहे. तिचे दांते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत. ते लांबीनें घासतहि जातात. साधें तेल या घासण्याखालीं टिकत नाहीं, म्हणून गंधक व स्फुर यांचीं द्रव्यें मिसळलेलें वेगळें तेल तिला लागतें. त्याला उग्र दर्प येतो. घरांतील मंडळींना तो आवडत नाहीं, पण त्या दर्पावरच दांत्यांचें आयुष्य अवलंबून आहे.

आतां जुळणीकडे वळूं. रेडिओवर चित्र दाखवितां येत नाहीं, तेव्हां आपण आपल्याच हातांचें चित्र करावें. आपण इंजिनाच्या जागीं बसलां आहां असें समजा. डाव्या हातानें एक ताट पुढ्यांत उभें धरा, असें कीं त्याचा चेहरा उजवीकडे होईल. चेहऱ्याच्या बाजूनें कडेला सभोंवार दांते आहेत अशी कल्पना करा. हें ताट म्हणजे क्राऊन. उजव्या हाताची मूठ पुढें नेऊन ताटाच्या आपल्याजवळच्या कडेला चेहऱ्याच्या बाजूनें टेकवा. मूठ म्हणजे पिनियन आणि तुमचा हात म्हणजे इंजिनाकडून आलेला दांडा. आतां मुठीला एकच हालचाल शक्य आहे: पुढें जाणें किंवा मागें येणें. ताटालाहि एकच शक्य आहे: उजवीकडे मुठीवर रेलणें किंवा डावीकडे दूर सरणें. मिस्त्रीचे दोन दिवस या दोन हालचालींत जातात. मूठ कितपत पुढें न्यावयाची आणि ताट कितपत जवळ आणावयाचें एवढाच प्रश्न.

परंतु हें ‘कितपत’ म्हणजे किती? आपले सुतार-लोहार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, आणि सुतांत बसणारें काम चोख समजलें जातें. या कामांत त्या एका सुताचे सव्वाशे भाग करावयाचे व त्यांतला एक भाग हें माप धरावयाचें. इंचाचा हजारावा हिस्सा तो. कारखान्यांतून त्याला थाऊ म्हणतात. वर्तमानपत्राचा कागद सुमारें तीन थाऊ जाड असतो. पिनियन तीन थाऊंनीं चुकलें म्हणजे एका वर्तमानपत्राच्या कागदानें चुकलें, आणि तेवढी चूक या जोडीला बाधते.

काम सुरू करण्यापूर्वीं शहाणा मिस्त्री नव्या जोडीवर कोरलेले आंकडे वाचतो. क्राऊन व पिनियन कारखान्यांत एकमेकांवर फिरवून, घांसून, एकमेकांच्या अंगवळणीं पाडलेलीं असतात. म्हणून दोहोंवर एकच जोडक्रमांक असतो. एका जोडीचें पिनियन व दुसऱ्या जोडीचें क्राऊन असा संसार कधींहि नीट होत नाहीं. ‘पिनियन तेवढें गेलें आहे, क्राऊन चांगलें आहे, तेव्हां एकच बदला,’ असें सांगणारे मालक पुष्कळ भेटतात. त्यांचें ऐकणारे मिस्त्रीहि भेटतात. पैसे वांचल्याचा आनंद फार दिवस टिकत नाहीं.

पिनियनच्या तोंडावर दुसराहि एक आंकडा असतो: अधिक दोन, उणें एक, किंवा शून्य. कापतांना व भट्टींतून काढतांना प्रत्येक पिनियनमध्यें अल्पसा फरक पडतो, तो किती थाऊ आहे हें कारखान्यानें त्यावर प्रामाणिकपणें लिहून ठेवलेलें असतें. जीपच्या जातीच्या आंसांत जुन्या पिनियनवर अधिक दोन आणि नव्यावर उणें एक असेल, तर दोहोंतला फरक तीन. म्हणून जुन्या चकत्यांच्या जाडींत तीन थाऊंची भर घालून आरंभ करावयाचा. या चकत्यांना शिम म्हणतात. त्या पिनियनच्या आंतल्या मोठ्या बेअरिंगच्या कडीमागें बसतात. जाडी वाढविली कीं मूठ ताटांत अधिक शिरते, कमी केली कीं मागें येते. जुन्या चकत्या फेंकून देऊन अंदाजानें नव्या घालणारा मनुष्य हातांतलें उत्तर पुसून गणित पुन्हा मांडीत असतो.

यानंतर पिनियनच्या दोन बेअरिंगांचा आवळ ठरवावयाचा. हीं बेअरिंगें निमुळत्या रुळांचीं असतात व तोंडें विरुद्ध दिशांना करून बसवितात. त्यांत जराहि ढिलाई राहिली, तर इंजिन ओढूं लागतांच पिनियन क्राऊनपासून दूर ढकललें जातें आणि पाय उचलतांच आंत खेंचलें जातें. म्हणजे थाऊ-थाऊ मोजून ठरविलेली खोली पदोपदीं बदलते. म्हणून बेअरिंगें नुसतीं बसवीत नाहींत, थोडीं दाबून बसवितात. नवीं बेअरिंगें असतां पिनियन फिरविण्यास २० ते ४० इंच-पौंड इतका जोर लागावा, असें या जातीच्या आंसाचीं पुस्तकें सांगतात. त्यासाठीं नाजूक मापाचा पाना मिळतो. तो नसला तर दांड्याच्या गोल टोकाला सुतळी गुंडाळून तिला ताणकांटा लावावा व सावकाश ओढावें. टोकाची त्रिज्या दोन इंच असेल तर कांट्यानें १० ते २० पौंड दाखविले पाहिजेत. जीपच्या आंसांत हा आवळ चकत्यांनीं साधतो. दुसऱ्या कांहीं गाड्यांत चकत्यांच्या जागीं पातळ पोलादाची एक नळी असते, ती नट आवळतांना चेपत जाते. ही पद्धति झटपट खरी, परंतु नळी एकदां जास्त चेपली कीं परत फुगत नाहीं. नट थोडा ढिला करून भागत नाहीं, नळीच नवी घालावी लागते. नट ढिला करून गाडी परत देणारे लोक आहेत.

आतां ताटाची पाळी. डिफरन्शियलची पेटी दोन बाजूंच्या दोन बेअरिंगांवर बसते, व तेथेंहि दोन्हीकडे चकत्या असतात. दोन्हीकडच्या चकत्यांची एकूण जाडी बेअरिंगांचा आवळ ठरविते, आणि त्यांची वांटणी ताटाची जागा ठरविते. एका बाजूची चकती काढून दुसऱ्या बाजूला घातली कीं एकूण जाडी तीच राहते आणि क्राऊन तेवढें सरकतें. बेअरिंगांवरच्या टोप्या काढतांना डावी-उजवीची खूण करून ठेवावी लागते, कारण त्या त्याच जागीं बसवून घराबरोबर कोरलेल्या असतात. अदलाबदल झाली तर भोंक गोल राहत नाहीं. क्राऊन आणि पेटी जेथें एकमेकांना टेकतात ती जागा तर आरशासारखी स्वच्छ पाहिजे. तेथें अडकलेला धातूचा एक कण क्राऊनला डुलवितो.

क्राऊन पिनियनजवळ किती आणावें? अगदीं भिडवून चालत नाहीं. चालतांना पोलाद तापतें, फुगतें, आणि तेलाच्या पापुद्र्यालाहि दोन दांत्यांच्या मध्यें जागा हवी असते. म्हणून पिनियन घट्ट धरून क्राऊन हलविलें असतां तें किंचित् हललें पाहिजे. या हालण्याला बॅकलॅश म्हणतात, आणि जीपच्या जोडींत तो पांच ते आठ थाऊंच्या आंत ठेवावा. डायलची सुई दांत्याला टेकवून तो मोजतात, आणि एकाच ठिकाणीं न मोजतां चाक फिरवून चार ठिकाणीं मोजतात. चारी ठिकाणीं दोन-तीन थाऊंहून अधिक तफावत आली तर चकत्यांशीं खेळूं नये. क्राऊन डुलत आहे, तें काढून तो कण शोधावा. बॅकलॅश बोटांनीं अजमावणारे कारागीर आहेत. त्यांच्या बोटांविषयीं मला आदर आहे, परंतु चार थाऊ आणि नऊ थाऊ यांतला फरक खात्रीनें सांगणारें बोट माझ्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

इतकें सारें मोजूनहि जोडी बरोबर बसली असें म्हणतां येत नाहीं. आंकडे आपल्याला दारापर्यंत आणून सोडतात; आंत काय आहे तें दांत्यांनाच विचारावें लागतें. हें विचारण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. क्राऊनच्या सात-आठ दांत्यांना दोन्ही अंगांनीं शेंदूर फांसतात. देवाला लावतात तोच हा शेंदूर, तेलांत कालविलेला. मग क्राऊनला लांकडानें दाबून धरून, म्हणजे त्यावर थोडा भार ठेवून, पिनियन पुढेंमागें फिरवितात. पिनियनचे दांते जेथें टेकले असतील तेथला शेंदूर पुसला जातो व पोलाद उघडें पडतें. त्या डागाचा आकार आणि जागा पाहून निदान करावयाचें. शेंदूर हें शिशाचें विषारी भस्म असल्यामुळें हल्लीं पुष्कळ ठिकाणीं त्याऐवजीं तयार पिवळा लेप वापरतात, आणि तें बरेंहि आहे. जेथें शेंदूर चालू आहे तेथें जेवणापूर्वीं हात नीट धुवावेत.

डाग दांत्याच्या उंचीच्या मध्यावर व लांबीच्या मध्याच्या किंचित् आंतल्या, म्हणजे चाकाच्या मध्याकडील, अंगाला असावा. किंचित् आंत अशासाठीं कीं, रस्त्यावर पुरा भार पडला म्हणजे दांडे व घर थोडे लवतात आणि डाग बाहेरच्या टोकाकडे सरकतो. आधींच बाहेर असलेला डाग तेव्हां कडेवरून घसरतो. डाग दांत्याच्या मुळाशीं खोल दिसला तर पिनियन फार आंत शिरलें आहे, चकती पातळ करावी. शेंड्याशीं दिसला तर तें फार दूर राहिलें आहे, चकती जाड करावी. उंची ठीक असून डाग बाहेरच्या टोकाला गेला असेल तर क्राऊन पिनियनकडे आणावें; आंतल्या टोकाला पार चिकटला असेल तर दूर न्यावें. आधीं उंची आणि मग लांबी हा क्रम सोडूं नये. मुठीची जागा बदलली कीं बॅकलॅशहि बदलतो, आणि तो पुन्हा बसवावा लागतो. उलट, ताट सरकवून मुठीची चूक झांकण्याचा प्रयत्न केला तर दोन्हीहि बिघडतात.

आतां लक्षांत येईल कीं वेळ कोठें जातो. प्रत्येक चकतीसाठीं पेटी बाहेर काढावयाची, पिनियन सोडावयाचें, बेअरिंगची कडी ठोकून काढावयाची, चकती बदलावयाची, सर्व पुन्हा बसवून आवळावयाचें, बॅकलॅश मोजावयाचा, लेप लावावयाचा, फिरवावयाचें आणि बत्ती जवळ धरून पहावयाचें. एवढें केल्यावर डाग दीड गव्हाएवढा सरकलेला दिसतो. मग पुन्हा. चार-पांच खेपा ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. मालक जवळ स्टूल टाकून बसलेला असला तर तिसऱ्या खेपेला म्हणतो, ‘अहो मिस्त्री, आतां झालंच आहे की, किती छळाल त्याला!’ आणि मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, आत्तां मी छळतोय, मग तें तुम्हांला छळील.’ हा संवाद मीं ऐकलेला आहे. त्यांत मला कांहीं भर घालावीशी वाटत नाहीं.

जुनीच जोडी पुन्हा बसवावयाची असेल, केवळ बेअरिंगें बदलावयाचीं असतील, तेव्हां एक वेगळें पथ्य आहे. खोलण्यापूर्वींचा बॅकलॅश मोजून तोच परत द्यावा. दांते झिजले म्हणून तो वाढलेला असतो; पण ते एकमेकांवर झिजून एकमेकांचे झालेले असतात. पुस्तकांतल्या आंकड्यासाठीं त्यांना जवळ ढकललें, तर ज्या जागा कधीं भेटल्या नव्हत्या त्या भेटतात आणि शांत असलेली गाडी ओरडूं लागते.

गाडीच्या ओरडण्यावरून घरच्या माणसालाहि कांहीं ओळखतां येतें. वेग देतांना, इंजिन ओढीत असतां, मागून बारीक सुरांत कण्हणें ऐकूं आलें आणि पाय उचलतांच तें थांबलें, तर दांत्याची ओढणारी बाजू नीट लागत नाहीं. पाय उचलल्यावर, गाडी आपल्याच वेगानें जात असतां तें सुरू झालें, तर उलट बाजूची चूक आहे, किंवा पिनियनचें बेअरिंग ढिलें झालें आहे. दोन्ही वेळां सारखीच घरघर येत असेल तर बहुधा बेअरिंगें गेलीं. गाडी सुरू होतांना खट्ट असा एकच आवाज आला तर मात्र लगेच डिफरन्शियलवर आळ घेऊं नये. दांड्याच्या सांध्यांची झीजहि असाच आवाज करते, आणि तिचा खर्च फार कमी आहे.

आवाजाकडे दुर्लक्ष केलें तर काय होतें, हें घाटाच्या उदाहरणानें सांगतों. बोरघाटासारखा उतार उतरतांना जाणता चालक खालचा गिअर घालतो आणि इंजिनाला गाडी अडवावयास लावतो. त्या वेळीं चाकें इंजिनाला फिरवीत असतात आणि सारा भार दांत्यांच्या उलट बाजूवर येतो. दांते वाईट जागीं टेकत असतील तर त्यांचीं टोकें उडतात. उडालेला तुकडा दोन दांत्यांमध्यें सांपडला तर मागचीं चाकें एकाएकीं अडकतात. आणि सगळेच दांते सोलले गेले तर इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो, म्हणजे इंजिनाचा अडसर गेला. जुन्या जीपमध्यें याहून वाईट एक गोष्ट आहे. तिचा हातब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो गिअरच्या पेटीमागें, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर असतो. पुढचा आंस जोडलेला नसतां क्राऊन-पिनियन तुटलें, कीं हातब्रेक दांडा घट्ट धरून ठेवतो आणि चाकें मोकळीं राहतात. चढावर उभी केलेली गाडी मागें जाऊं लागते. पायाचा ब्रेक चाकांवर असल्यामुळें तो तेवढा उरतो, पण तो दाबावयास गाडींत मनुष्य असावा लागतो. ज्यांच्याकडे अशी जीप अजून चालती आहे, त्यांनीं तिच्या चाकाला दगड लावण्याची जुनी संवय सोडूं नये.

नवी जोडी बसवून गाडी घरीं आली म्हणजे पहिले दिवस तिला जपावें लागतें. दांत्यांवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांवर घासून सपाट व्हावयाचे असतात, आणि त्या वेळीं उष्णता बरीच निर्माण होते. पहिल्या दिवशीं पंचवीस-तीस किलोमीटर बेताच्या वेगानें चालवावी, मग उभी करून हात लावतां येईल इतकी निवूं द्यावी. असें दोन-तीनदां करावें. पहिल्या आठशें किलोमीटरपर्यंत तिला ओझ्याचा जुंपणगाडा लावूं नये, कीं भरधांव हांकूं नये. नंतर आंसांतलें तेल काढून नवें घालावें. काढलेल्या तेलांत करड्या रंगाची बारीक चकाकी दिसेल. ती दांत्यांच्या घासणीची असते आणि तिच्याबद्दल काळजीचें कारण नाहीं. बोटांत धरतां येईल असा तुकडा त्यांत सांपडला, तर मात्र तो कागदांत बांधून घ्यावा आणि गाडी न चालवितां मिस्त्रीला घरीं बोलवावें.